नशेची नोंद आणि एका अक्षराची किंमत

रुग्णालयातून घरी जाताना रुग्णाच्या हाती जे डिस्चार्ज कार्ड पडते, त्यातील औषधांची यादी घरची माणसे काळजीपूर्वक वाचतात. निदानाची ओळ मात्र सहसा कोणी वाचत नाही. ती इंग्रजीत असते, पुष्कळदा तिच्यापुढे एक अक्षर आणि दोन-तीन अंक लिहिलेले असतात, आणि हा मजकूर आपल्यासाठी नाही अशी बहुतेकांची समजूत असते. ती समजूत चुकीची आहे. विमा कंपनीने खर्च द्यावा की नाही, कचेरीने वैद्यकीय बिलाची प्रतिपूर्ती करावी की नाही, पुढच्या वेळी नव्या डॉक्टरने या माणसाकडे कोणत्या नजरेने पाहावे आणि सरकारी आकडेवारीत त्याला कोणत्या रकान्यात मोजावे, या साऱ्याची सुरुवात त्या एका ओळीपासून होते.

बहुतेक आजारांत या ओळीवरून वाद होत नाही. हाड मोडले असेल तर ते मोडलेले दिसते. हिवताप असेल तर रक्ताच्या तपासणीत तो सापडतो. वादाला खरी जागा आहे ती भ्रमकारक द्रव्यांमुळे येणाऱ्या नशेच्या बाबतीत. नसलेली दृश्ये दिसणे, नसलेले आवाज ऐकू येणे, काळ-वेळेचे भान सुटणे अशी अवस्था आणणारी ही द्रव्ये. एकाच रात्रीच्या एकाच अवस्थेला वैद्यकाच्या वर्गीकरणात येथे एकाहून अधिक घरे उपलब्ध आहेत. कोणते घर मिळाले यावर तो माणूस ‘विषबाधा झालेला’ ठरणार की ‘व्यसनी’, हे अवलंबून राहते. प्रश्न वैद्यकाचा दिसतो. त्याचे परिणाम मात्र आर्थिक आणि सामाजिक आहेत.

मोजदादीची यादी

रोगांना सांकेतांक देण्याची पद्धत मुळात मृत्यू मोजण्यासाठी जन्मास आली. १८९३ मध्ये शिकागो येथे आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या अधिवेशनात फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियाँ यांनी मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. निरनिराळ्या देशांतील आकडे एकमेकांशी ताडून पाहता यावेत, एवढाच तिचा हेतू होता. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे काम आपल्याकडे घेतले आणि सहाव्या आवृत्तीपासून मृत्यूबरोबर आजारांचाही समावेश केला. दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली. अकरावी २०१९ मध्ये स्वीकारली गेली आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. आपल्याकडील रुग्णालयांत जेथे सांकेतांक दिले जातात, तेथे आजही प्रामुख्याने दहाव्या आवृत्तीचाच वापर आढळतो.

या दहाव्या आवृत्तीत ‘एफ’ अक्षराखाली मानसिक व वर्तनविषयक विकार येतात. त्यात एफ १० ते एफ १९ हे वर्ग मादक द्रव्यांचे आहेत. गांजा-भांगेसाठी एफ १२ आणि भ्रमकारक द्रव्यांसाठी एफ १६. पुढचा अंक अवस्था सांगतो. शून्य म्हणजे तात्कालिक नशा, एक म्हणजे अपायकारक सेवन, दोन म्हणजे अवलंबित्व, अर्थात ज्याला व्यवहारात व्यसन म्हणतात ते. दुसरीकडे ‘टी’ अक्षराखाली विषबाधा येते. टी ४० या वर्गात अफूपासून कोकेनपर्यंतची द्रव्ये आहेत आणि त्यातच गांजा, एलएसडी व इतर भ्रमकारक द्रव्यांना स्वतंत्र अंक आहेत. विषारी वनस्पती पोटात गेल्यास टी ६२ हा आणखी एक वर्ग आहे. विषबाधेच्या नोंदीला हेतूचा जोडसांकेतांकही द्यावा लागतो. ती अपघाताने झाली, स्वतःहून जीव देण्यासाठी करून घेतली, दुसऱ्याने केली, की हेतू ठरवता आला नाही, हे त्यातून कळते.

म्हणजे ‘एफ’ अक्षर माणसाच्या सवयीकडे बोट दाखवते आणि ‘टी’ अक्षर त्याच्यावर गुदरलेल्या प्रसंगाकडे. विषबाधा या अर्थाची नशा असेल तर ती टी वर्गात न्यावी, अशी सूचना खुद्द वर्गीकरणात आहे. पण नशा कोठे संपते आणि विषबाधा कोठे सुरू होते, हे कोणतेही पुस्तक ठरवू शकत नाही. ते त्या रात्री कामावर असलेल्या डॉक्टरला ठरवावे लागते. त्याने ते स्पष्ट लिहिले नाही, तर दुसऱ्या दिवशी नोंद विभागातील कारकून ते आपल्या अंदाजाने ठरवतो.

तीन रुग्ण, एक विष

समजा, धुळवडीच्या संध्याकाळी एकाच रुग्णालयात तीन माणसे आणली गेली. पहिला एका कचेरीतील कारकून. मित्राच्या घरी त्याने भांगेचा एक पेला घेतला होता आणि ती भांग ‘चढावी’ म्हणून कोणीतरी तीत धोतऱ्याचे बी वाटून घातले होते. दुसरा वसतिगृहातील विद्यार्थी. मित्रांकडून ऐकून, काय होते ते पाहावे म्हणून त्याने धोतऱ्याचे बी जाणूनबुजून खाल्ले होते. तिसरी खेड्यातील एक वृद्धा. रानातून खुडून आणलेल्या पालेभाजीत धोतऱ्याची पाने मिसळली गेली होती आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

तिघांची लक्षणे सारखीच असतील. तोंड कोरडे, कातडी तापलेली आणि लालसर, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या, नाडी जलद, लघवी अडलेली. तिघेही हवेत हात मारून नसलेल्या वस्तू पकडू पाहतील, घरच्यांना ओळखणार नाहीत, असंबद्ध बोलतील. लक्षणे विष कोणते ते सांगतात; ते कोणाच्या हाताने आणि कोणत्या इच्छेने पोटात गेले, हे सांगत नाहीत. ते सांगण्याचे काम नोंदीचे आहे.

आता केस पेपरवर ‘अमली पदार्थाची नशा, भास होत आहेत’ एवढेच लिहिले गेले तर काय होते? तिघेही एकाच वर्गात जाऊन बसतात. वृद्धेचे नाव नशेखोरांच्या गणतीत लागते. कारकुनाच्या बाबतीत त्याने राजीखुशीने घेतलेली भांग आणि त्याच्या नकळत पोटात गेलेला धोतरा, या दोन वेगळ्या गोष्टी एक होऊन जातात. विद्यार्थ्याने पहिल्यांदाच केलेला मूर्खपणा आणि वर्षानुवर्षांचे व्यसन यांत फरक उरत नाही. शिवाय वैद्यकीय दृष्टीनेही ही नोंद अपुरी आहे. धोतऱ्यातील अॅट्रोपिन व स्कोपोलामिन यांनी येणारा भ्रम हा एलएसडीने येणाऱ्या भ्रमाहून निराळा असतो. एलएसडी घेतलेल्या माणसाला पुष्कळदा आपण कोण आणि कोठे आहोत हे कळत असते. धोतऱ्याने ते भानच हरपते. उपचार, धोका आणि देखरेखीचा काळ या साऱ्यात फरक पडतो.

धोतरा हे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. तो उकिरड्यावर, रस्त्याच्या कडेला आपोआप उगवतो आणि महाशिवरात्रीला शंकराला वाहिला जातो. वाटसरूंना धोतरा खाऊ घालून लुटण्याचे प्रकार एकोणिसाव्या शतकात इतके होते, की नॉर्मन शेव्हर्स यांनी १८५६ मध्ये कलकत्त्याहून प्रसिद्ध केलेल्या न्यायवैद्यकाच्या ग्रंथात त्याची दखल घेतली गेली. म्हणजे ‘भास होणारा रुग्ण’ हा गुन्ह्याचा बळीही असू शकतो, ही जाण आपल्याकडे जुनी आहे. अशा माणसाला व्यसनी म्हणून नोंदवणे हा त्याच्यावर झालेला दुसरा अन्याय होय.

साक्षीदार आणि पुरावा

यावर कोणी म्हणेल की, आजकाल लघवीची तपासणी होते, मग शंकेला जागा कोठे? जागा पुष्कळ आहे. रुग्णालयात सर्रास वापरल्या जाणाऱ्या तपासणीच्या पट्ट्या ठरावीक द्रव्यांसाठी असतात. एलएसडीची मात्रा ग्रॅमच्या दहा हजाराव्या भागाइतकी अल्प असते आणि या पट्ट्यांत ते सहसा दिसत नाही. भ्रमकारक अळंब्यांतील सायलोसायबिन त्यांत येत नाही. धोतऱ्याचे विषही येत नाही. उलट गांजा-भांगेचे अवशेष सेवनानंतर काही दिवस, नियमित सेवन करणाऱ्याच्या बाबतीत काही आठवडेही, लघवीत आढळू शकतात. म्हणून वरच्या उदाहरणातील कारकुनाची तपासणी ‘गांजा आढळला’ असे सांगेल आणि ज्या धोतऱ्याने त्याचा जीव धोक्यात आला त्याविषयी मौन पाळेल. तपासणीचा कागद खरा असूनही त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा ठरेल.

तपासणी अशी अर्धवट बोलते म्हणून तोंडी हकिगतीला महत्त्व येते. पण येथे दुसरी अडचण आहे. या आजारात मुख्य साक्षीदार म्हणजे रुग्ण स्वतः, आणि ज्या घटकेला त्याची साक्ष घेतली जाते त्या घटकेला तो साक्ष देण्यास सर्वांत अपात्र असतो. बरोबरचे मित्र घाबरलेले असतात. पोलिसांच्या भीतीने ते काही लपवतात, काही दुसऱ्यावर ढकलतात. मध्यरात्री, पाच-दहा रुग्ण खोळंबले असताना, शिकाऊ डॉक्टर जे ऐकले ते दोन शब्दांत लिहून टाकतो. यात त्याचा दोष थोडा. दोष आहे तो पुढे. पहिल्या तासात लिहिलेला तो शब्द दुसऱ्या दिवशी, रुग्ण शुद्धीवर आल्यावर, कोणी पुन्हा तपासून पाहत नाही. तो जसाच्या तसा वॉर्डाच्या कागदावर, तेथून डिस्चार्ज कार्डावर आणि तेथून विम्याच्या अर्जावर उतरत जातो. घाईतला अंदाज अशा रीतीने तीन-चार सह्यांनिशी सिद्ध झालेले सत्य बनतो.

चांगल्या नोंदीसाठी फार काही लागत नाही. द्रव्य कोणते आणि ते कशावरून कळले: रुग्णाने सांगितले, नातेवाइकांनी सांगितले, पुडी पाहिली, की तपासणीत आढळले? किती वाजता, किती आणि कसे घेतले? जाणून घेतले की नकळत? पूर्वी कधी घेतले होते काय? बाहुल्या, ताप, नाडी, शुद्ध आणि स्थळकाळाचे भान यांची स्थिती काय होती? जे कळले नाही, तेथे ‘कळले नाही’ असे लिहावे. सांकेतांकांच्या यादीत ‘हेतू अनिश्चित’ अशी स्वतंत्र जागा ठेवलेली आहे. ती रिकामी ठेवण्यासाठी नाही.

अमेरिकेचा धडा

सांकेतांकाला पैशाचे मोल आले म्हणजे काय होते, याचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. येल विद्यापीठातील रॉबर्ट फेटर आणि जॉन थॉम्प्सन यांनी रुग्णांचे निदानानुसार गट पाडण्याची पद्धत तयार केली होती. १९८३ पासून वृद्धांसाठीच्या मेडिकेअर या सरकारी योजनेने रुग्णालयांना प्रत्यक्ष खर्चाऐवजी या गटांप्रमाणे ठरावीक रक्कम देण्यास सुरुवात केली. उद्देश खर्चाला लगाम घालण्याचा होता आणि तो वावगा नव्हता. पण निदानाचा शब्द बदलला की गट बदलतो आणि गट बदलला की रक्कम बदलते, हे रुग्णालयांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. डोनल्ड सिम्बोर्ग या डॉक्टरने तर १९८१ मध्येच इशारा दिला होता की, अशा पद्धतीत निदाने हळूहळू अधिक मोबदल्याच्या गटांकडे सरकत जातील. एखादे मोजमाप उद्दिष्ट म्हणून वापरले जाऊ लागले की ते विश्वासार्ह राहत नाही, हा नियम अर्थशास्त्रात चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखला जातो. १९७५ मध्ये त्यांनी तो चलनविषयक धोरणासंबंधी मांडला होता. रुग्णालयाच्या नोंदवहीलाही तो तितकाच लागू पडतो.

अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून दहाव्या आवृत्तीची स्वतःची विस्तारित प्रत वापरात आणली. तीत एफ १६ खाली भ्रमकारक द्रव्यांचा गैरवापर, अवलंबित्व आणि अनिर्दिष्ट सेवन असे तीन फाटे आहेत. प्रत्येक फाट्यात साधी नशा आणि भ्रमिष्ट अवस्थेसह नशा असे पोटभेद आहेत. सूक्ष्मतेची कमतरता नाही. तरीही फेन्सायक्लिडिन हे एलएसडीहून अगदी निराळ्या प्रकृतीचे द्रव्य अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेनुसार याच एफ १६ मध्ये पडते. पोटभेद वाढवल्याने सत्य आपोआप जवळ येत नाही, याचे हे उदाहरण आहे.

मात्र त्या व्यवस्थेतून घेण्याजोग्या दोन गोष्टी आहेत. पहिली शिस्तीची. सांकेतांक देणाऱ्याने तर्क करायचा नाही. डॉक्टरने जे लिहिले त्याच्याच आधारे सांकेतांक द्यायचा आणि मजकूर अपुरा असेल तर डॉक्टरला लेखी विचारायचे. नुसत्या सेवनाची नोंदही, त्या सेवनाचा एखाद्या विकाराशी संबंध डॉक्टरने दाखवला असेल तरच करायची. दुसरी गोष्ट गोपनीयतेची. मादक द्रव्यांच्या उपचाराचे कागद रुग्णाच्या संमतीवाचून सहजासहजी इतरांच्या हाती जाऊ नयेत यासाठी तेथे १९७० च्या दशकापासून खास संघीय नियम आहेत. उघडे पडण्याच्या भीतीने माणसे उपचारच टाळतात, हा अनुभव त्यामागे होता.

विम्याचे बारावे कलम

आपल्याकडे हा प्रश्न आता दारात आला आहे. एके काळी रुग्णालयाचे बिल खिशातून दिले जाई आणि निदानाची ओळ कपाटात पडून राही. आज कचेरीतून मिळणारा सामूहिक विमा असो, घरातल्या चौघांची मेडिक्लेम पॉलिसी असो वा सरकारी आरोग्य योजना असो, खर्च देणारा तिसराच असतो आणि त्याला कागद हवा असतो. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातून काय वगळता येईल, त्या कलमांची भाषा एकसारखी केली. त्यातील बारावे कलम मद्यासक्ती, मादक द्रव्यांचा गैरवापर किंवा कोणतीही व्यसनाधीन अवस्था आणि तिचे परिणाम यांवरील उपचार वगळते. पॉलिसीच्या कागदांत हे कलम आजही छापलेले असते.

या कलमाच्या शेजारी दुसरा कायदा ठेवून पाहावा. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ मध्ये संमत झाला आणि २०१८ मध्ये अमलात आला. त्यातील व्याख्येप्रमाणे मद्य आणि मादक द्रव्यांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था ‘मानसिक आजारा’त मोडतात. त्याच अधिनियमाच्या एकविसाव्या कलमानुसार प्रत्येक विमा कंपनीने मानसिक आजाराच्या उपचारासाठी शारीरिक आजाराच्या बरोबरीने विम्याची तरतूद केली पाहिजे. एक कागद म्हणतो, हा आजार आहे आणि त्याला विमा द्या. दुसरा म्हणतो, हे व्यसन आहे आणि याला विमा नाही. संसदेने केलेला कायदा आणि पॉलिसीवरील छापील कलम यांतील ही विसंगती सामान्य विमेदाराने कोर्टात जाऊन सोडवावी, ही अपेक्षा अवाजवी आहे. ती नियामकाने स्वतः दूर केली पाहिजे.

विमा कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. विमा हा अनेकांनी मिळून उभारलेला निधी आहे. एकाने जाणूनबुजून ओढवून घेतलेल्या नुकसानीचा भार इतरांनी का सोसावा, हा प्रश्न रास्त आहे. विमा मिळाल्यामुळे माणूस बेफिकीर होतो, ही भीती अर्थशास्त्रालाही मान्य आहे. पण या युक्तिवादाला मर्यादा आहे. ज्याला आपण काय पीत आहोत हेच ठाऊक नव्हते, त्याची बेफिकिरी विम्याने वाढली असे म्हणता येत नाही. एखादा विद्यार्थी विम्याच्या भरवशावर धोतरा खातो, असेही कोणी गंभीरपणे म्हणणार नाही. आणि ‘गैरवापर’ व ‘व्यसनाधीन’ हे शब्द पुनरावृत्ती सुचवतात. एका रात्रीच्या घटनेला ते लावायचे असतील तर तसा पुरावा दाखवण्याची जबाबदारी दावा नाकारणाऱ्यावर असली पाहिजे.

हा भेद करणे अवघड नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या पंचाऐंशीव्या कलमाने तो फार पूर्वीच केला होता. ज्याला त्याच्या नकळत किंवा इच्छेविरुद्ध नशा दिली गेली आणि आपण काय करतो आहोत हे ज्याला त्या नशेमुळे कळत नव्हते, त्याचे कृत्य गुन्हा ठरत नाही. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेत तेविसाव्या कलमाने हाच न्याय कायम ठेवला आहे. फौजदारी कायदा खुनाच्या आरोपातही जो विवेक दाखवतो, तो विम्याच्या टेबलावर पंचवीस-तीस हजारांच्या दाव्यात दाखवता येऊ नये, हे पटण्याजोगे नाही.

दयेपोटी केलेली नोंद

या सगळ्याला एक प्रचलित पळवाट आहे आणि ती सद्हेतूची असल्यामुळे तिच्याविषयी कोणी बोलत नाही. मुलाचे भवितव्य बिघडू नये, घराण्याची अब्रू जाऊ नये, क्लेम अडकू नये म्हणून डॉक्टर ‘अन्नातून विषबाधा’ किंवा ‘कारण अज्ञात ताप’ असे लिहून मोकळा होतो. त्या कुटुंबापुरती ही दया असेल. पण तिची किंमत दुसरे कोणी चुकवत असते. सहा महिन्यांनी तोच मुलगा पुन्हा अशा अवस्थेत आला, तर नव्या डॉक्टरला आधीच्या घटनेचा मागमूस लागत नाही. एकाच वस्तीत चार जणांना तोच भेसळयुक्त माल बाधला, तरी चार निराळ्या निदानांमुळे आरोग्य खात्याला त्याचा सुगावा लागत नाही.

आकडेवारीचे तर विचारूच नये. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, १० ते ७५ वर्षे वयोगटात भ्रमकारक द्रव्ये घेणाऱ्यांचे प्रमाण ०.१२ टक्के होते. टक्का लहान दिसतो, पण माणसे बारा लाखांवर भरतात. भांग-गांजा घेणारे २.८ टक्के, म्हणजे सुमारे तीन कोटी होते. हे आकडे घरोघर विचारून मिळालेले आहेत. यांपैकी किती जण रुग्णालयात येतात, कोणत्या द्रव्याने येतात आणि त्यांचे पुढे काय होते, हे रुग्णालयांच्या नोंदींतून कळायला हवे. पण ज्या देशात २०२० मध्ये नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२ टक्क्यांच्या कारणाला वैद्यकीय प्रमाणपत्र होते, तेथे जिवंत रुग्णाच्या निदानाची शुद्धता कोण पाहणार? आणि कारण ठाऊक नसलेल्या प्रश्नावर सरकार पैसा खर्च करते, तेव्हा तो भाषणे आणि भित्तिपत्रके यांवरच जातो.

खोट्या नोंदीमागे कायद्याची भीती असते, हे खरे. अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यात सेवन हाही गुन्हा आहे. एलएसडीच्या बाबतीत दोन मिलिग्रॅम एवढीच ‘अल्प मात्रा’ मानली जाते. तिच्यापुढे शिक्षेचे स्वरूप कठोर होत जाते. पण या भीतीतही अज्ञानाचा वाटा मोठा आहे. भांगेची पाने या कायद्याच्या गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. धोतरा तर त्या कायद्याखालीच येत नाही. व्यसनी माणूस स्वेच्छेने उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण देणारे कलमही त्याच कायद्यात आहे. डॉक्टरला हे ठाऊक असेल तर खोटे लिहिण्याचा मोह बराच कमी होईल.

करण्याजोगे

उपाय महागडे नाहीत. पहिला रुग्णालयांनी करावयाचा. नशेच्या किंवा विषबाधेच्या प्रत्येक रुग्णाची हकिगत तो शुद्धीवर आल्यानंतर पुन्हा घ्यावी आणि डिस्चार्ज कार्डावरील निदान त्या दुसऱ्या नोंदीवर आधारलेले असावे. वर सांगितलेले पाच-सहा प्रश्न केस पेपरवर छापून ठेवले तर मध्यरात्रीच्या डॉक्टरचाही भार हलका होईल.

दुसरा उपाय नोंद विभागाचा. आपल्याकडे हा विभाग म्हणजे जुने कागद गठ्ठे बांधून ठेवण्याची जागा मानली जाते. तेथील कारकुनाला वर्गीकरणाचे रीतसर शिक्षण मिळाले पाहिजे आणि अपुऱ्या निदानाबद्दल डॉक्टरला लेखी विचारण्याचा अधिकारही मिळाला पाहिजे. वाणिज्य आणि विज्ञान शाखांचे हजारो पदवीधर दरवर्षी नोकरीच्या शोधात बाहेर पडतात. अमेरिकी रुग्णालयांच्या नोंदींना सांकेतांक देण्याचे काम आपल्याच शहरांतील तरुण रात्रपाळीत करीत असतात. परदेशातील रुग्णाची नोंद बिनचूक व्हावी म्हणून जे कौशल्य येथे विकत मिळते, ते येथील रुग्णासाठी वापरले जाऊ नये, ही विचित्र अवस्था आहे.

तिसरा उपाय नियामकाचा. नकळत झालेली विषबाधा बाराव्या कलमात बसत नाही, आणि एका घटनेवरून व्यसन सिद्ध होत नाही, हे त्याने स्पष्ट शब्दांत जाहीर करावे. वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती येथे उपयोगी पडेल. तीत भ्रमकारक द्रव्यांच्या वर्गात ‘अपायकारक सेवनाचा एक प्रसंग’ आणि ‘अपायकारक सेवनाचा प्रघात’ यांना स्वतंत्र सांकेतांक दिले आहेत. नशा आणि अवलंबित्व यांचेही वेगळे आहेत. फेन्सायक्लिडिन आणि केटामिन यांचा गटही निराळा केला आहे. ज्या भेदासाठी येथे आग्रह धरला आहे, तो जगातील तज्ज्ञांनी मान्य केलेला आहे. आपल्याकडे ती आवृत्ती रुग्णालयांत रूढ करण्याची तारीख ठरवली पाहिजे आणि तोवर हा भेद शब्दांत लिहिला गेला पाहिजे.

चौथी गोष्ट नागरिकांनी करावयाची. डिस्चार्ज कार्ड घेताना निदानाची ओळ वाचावी, कळली नाही तर विचारावी आणि ती वस्तुस्थितीला धरून नसेल तर रुग्णालय सोडण्यापूर्वीच दुरुस्त करून घ्यावी. आपल्या वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने रुग्णाला दिलेला आहे. दावा नाकारल्याचे पत्र आल्यानंतर केलेली दुरुस्ती सोयीसाठी केलेली वाटते. शय्येपाशी केलेली दुरुस्ती केवळ दुरुस्ती असते.

व्यसनाला पाठीशी घालावे, असा याचा अर्थ नाही. जेथे व्यसन आहे तेथे ते निःसंदिग्धपणे लिहिले गेलेच पाहिजे, कारण त्याशिवाय उपचार सुरू होत नाही. मागणी एवढीच आहे की, जे घडले ते आणि तेवढेच लिहावे. दयेने कमी नको आणि आळसाने जास्त नको. धोतऱ्याचा अंमल एक-दोन दिवसांत उतरतो. कागदावरचे चुकीचे अक्षर मात्र आपोआप उतरत नाही.